गावी परतणाऱ्याचा सातबारा

'खेड्याकडे चला' ही हाक आपल्याला नवी नाही. महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांच्या विषयांत ती दर दोन-तीन वर्षांनी हजेरी लावते. परीक्षक म्हणून अशा काही स्पर्धांना मी बसलो आहे. विद्यार्थी माडांची सावली, खाडीचा वारा, चुलीवरची पेज यांचे वर्णन करतात, लोकलच्या गर्दीला चार शब्द सुनावतात आणि टाळ्या घेतात. एकदा पहिला क्रमांक मिळालेला मुलगा बक्षीस घेऊन मंचावरून उतरला तो थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मुंबईत माझ्या राहण्याची कुठे सोय होईल का?" मी हसलो नाही. त्याच्या भाषणात खोटे काही नव्हते आणि प्रश्नातही नव्हते. ही दोन्ही वाक्ये एकाच मुलाच्या तोंडून इतक्या सहजपणे कशी येतात, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. उदाहरण माझ्याच गावाचे घेतो. दुसऱ्याच्या गावाला उपदेश करणे सोपे असते.

माझे गाव मसुरे, तालुका मालवण. गड नदी कणकवलीकडून खाली येते आणि समुद्राला मिळण्यापूर्वी तिची कालावलची खाडी होते. त्या खाडीच्या काठी आमचे गाव अनेक वाड्यांत पसरले आहे. गावच्या डोंगरावर भरतगड, खाडीपलीकडे भगवंतगड. भरतगडाविषयी असे सांगतात की, शिवाजी महाराजांनी हा डोंगर किल्ल्यासाठी पाहिला होता, पण वर पाणी नाही म्हणून विचार सोडून दिला. पुढे १७०१ च्या सुमारास सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी आधी खडक फोडून विहीर खणली आणि पाणी लागल्यावर गड बांधला. लहानपणी गडावर जाताना ही गोष्ट आम्हांला ऐकवली जाई. तिचे महत्त्व मला बऱ्याच उशिरा कळले.

आमच्या मसुऱ्याचीच एक वाडी म्हणजे आंगणेवाडी. भराडी देवीची जत्रा म्हटली की महाराष्ट्रात आता कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. या जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते, आणि ठरली की मुंबईच्या चाळीचाळींतून बातमी फिरते. रेल्वेचे आरक्षण, खासगी बसगाड्या, ट्रॅव्हल्सवाले, सगळे एका दिवसात भरून जाते. दीड दिवसाच्या जत्रेला लाखो माणसे येतात. कपाळाला अंगारा लावून, खाजे बांधून घेऊन ती परत जातात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्या माळावर वाऱ्याने उडणारे कागद आणि मंडप सोडणारी माणसे यांखेरीज काही उरत नाही. कोकणी माणसाला गावाची ओढ नाही असे ज्याला वाटत असेल त्याने ही जत्रा एकदा पाहावी. ओढ रग्गड आहे. तेव्हा गावाची गोडी लावणारी भाषणे, जाहिराती, कविता यांचा येथे उपयोग नाही. भरल्या पोटी जेवणाचे आमंत्रण द्यावे तसे ते होते.

आता थोडे आकडे पाहू. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. रत्नागिरी जिल्ह्याची याच काळात १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली. देशाची आणि राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. महाराष्ट्रात त्या दशकात लोकसंख्या घटलेला तिसरा जिल्हा कोणता, हे मी वर्गात विचारतो तेव्हा मुले गडचिरोली किंवा नंदुरबार सांगतात. तो जिल्हा आहे मुंबई शहर! कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मूळ मुंबईची वस्ती ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली. ज्या गिरणगावात आमच्या आजोबा-पणजोबांनी बिऱ्हाडे थाटली ते गिरणगावही रिते होत होते. तेथून निघालेला माणूस मसुऱ्याला आला नाही, तो डोंबिवली, वसई, नालासोपारा, विरारला गेला. त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याची वस्ती दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. म्हणजे चाकरमान्याने मुंबई सोडली हे खरे. महाग जागा, जुनी चाळ, बंद गिरणी हे सोडून कोठेतरी जायचे हा निर्णय त्याने घेतलाच. तो घेताना गाव हा पर्याय त्याच्या हिशेबात का आला नाही, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधण्यासाठी आमच्या भागातले स्थलांतर मुळात कसे होते ते पाहिले पाहिजे. आमची माणसे गाव सोडून गेली असे म्हणण्याची पद्धत आहे, ती मला बरोबर वाटत नाही. घरातला एक पुरुष मुंबईला जाई. मालवण बंदरात पडावात बसून बोटीपर्यंत जायचे आणि बोटीने मुंबईचा धक्का गाठायचा. तेथे गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेला गाळा असे. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, ज्याची जशी पाळी तशी झोप, ट्रंक भिंतीला, वळकटी ट्रंकेवर, आणि जेवण खाणावळीत. बायको, मुले, आईवडील, गुरे, शेत सगळे गावी. दरमहा मनीऑर्डर यायची. ती पोस्टमनने आणून दिली म्हणजे आमची आजी आधी कूपनावरच्या दोन ओळी वाचून घ्यायची, पैसे मागाहून मोजायची. २०११ सालीही सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. त्याची मुळे या व्यवस्थेत आहेत. कुटुंबाने एक पाय मुंबईत ठेवला, दुसरा गावात. कोकणातल्या तुटपुंज्या भातशेतीला मुंबईच्या पगाराचा टेकू होता आणि मुंबईच्या बेभरवशाच्या नोकरीला गावच्या घराचा.

हा दुसरा टेकू किती महत्त्वाचा होता ते संकटाच्या वेळी दिसते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्यांतले कोकणी कामगार बोटी भरभरून गावी आले आणि साथ ओसरल्यावर परत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा तेच घडले. त्या वेळी मी गावच्या शाळेत होतो. माझे वडील उन्हाळ्यात आले ते पुढे गेलेच नाहीत. चतुर्थीला येणारा पाहुणा बाप आम्हांला माहीत होता. रोज सकाळी खळ्यात विडी ओढत बसलेला बाप नवा होता. त्यांनी मळ्यात भात लावला, कुळीथ पेरला, दुसऱ्या वर्षी मिरची केली. ही सगळी शेती मिळून घरच्या पाच माणसांचे सहा-सात महिने निघत. मनीऑर्डर येणार कोठून, ती आणणारा माणूसच घरी बसलेला. आईच्या पाटल्या गेल्या. १९८४ साली ते पुन्हा मुंबईला गेले आणि एका इमारतीत वॉचमन म्हणून राहिले. तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही असे पुस्तकात वाचतो तेव्हा मला त्या पाटल्या आठवतात.

तिसऱ्या परतीचे साक्षीदार तर आजचे विद्यार्थीही आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मे महिन्यात चाकरमानी पास काढून, खारेपाटणच्या नाक्यावर रांगा लावून जिल्ह्यात शिरले. शाळांच्या वर्गांत चौदा-चौदा दिवस राहिले. गावातून थोडी कुरबुर झाली, भांडणेही झाली, पण पेजेचा टोप शाळेच्या दारात रोज पोचत होता. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घरांची कुलपे निघाली. मुले कातळावर मोबाईलची रेंज शोधत कंपनीचे काम करीत बसली. 'आता कोकण पुन्हा भरणार' असे लेख त्या वर्षी पुष्कळ आले. मीही एक लिहिला होता, तो कोणी जपून ठेवला नसेल अशी आशा आहे. दीड-दोन वर्षांत बहुतेक सगळे परत गेले.

तीन वेळा गावाने माणसांना आसरा दिला आणि तिन्ही वेळा ती थांबली नाहीत. गाव हा आमचा विमा आहे. विमा अडचणीत उपयोगी पडतो, पण त्यावर रोजचा संसार चालत नाही.

न थांबण्याची नेहमीची कारणे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत फार वेळ घालवत नाही. चांगला दवाखाना लांब, मुलाला बारावीनंतर हवा तो अभ्यासक्रम जवळ नाही, पाऊस धो धो पडतो पण मार्चनंतर विहिरीचा तळ दिसतो, भाजी लावावी तर वानर ठेवत नाहीत आणि भात लावावे तर डुकरे. याखेरीज एक गोष्ट आहे तिच्याकडे कमी लक्ष जाते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातल्या पडीक डोंगरांवर हापूस आणि वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राचे काजू उभे केले. हे मोठे काम झाले, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण आंबा-काजूला माणूस लागतो तो वर्षातून तीन-चार महिने. मालक डोंबिवलीत राहून बाग करू शकतो, मोहोरावरच बाग कराराने देऊन टाकू शकतो. बागा वाढल्या म्हणून माणसे वाढली असे झाले नाही. रेल्वेचेही तसेच. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, गावी येणे एका रात्रीचे झाले, आणि येणे इतके सोपे झाल्यावर राहण्याची गरजही कमी झाली.

तरीही काही माणसांना खरोखर परत यायचे असते. दवाखाना, पाणी, वानर हे सगळे धरून त्यांची तयारी असते. त्यांचे काय होते हे सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

माझा एक चुलत भाऊ २०२० साली विरारहून बायको-मुलीसह आला. नोकरी गेली होती. वय पंचेचाळीस. परत जायचे नाही असे त्याने ठरवले आणि काजूगर काढण्याचा लहान कारखाना घालायचे मनावर घेतले. आमच्याकडची काजूबी कच्चीच बाहेर जाते. ती वाफवून, फोडून, वाळवून, साल काढून विकली तर पैसा गावात राहतो, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. शेड बांधायला कर्ज हवे म्हणून तो एका बँकेत गेला. साहेबाने सगळे ऐकून घेतले आणि सातबारा मागितला. उतारा तलाठ्याकडून आणला होताच. साहेबाने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "यांत तुमचे नाव कुठले?"

त्या उताऱ्यावर ४३ नावे आहेत. जमीन एकूण पावणेसात एकर, तीही चौदा तुकड्यांत. पणजोबांच्या काळी तेथे एकच नाव होते. त्यांना चार मुलगे. एकाच्या पश्चात वारसांची नोंद झाली, मग त्या वारसांच्या वारसांची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला केंद्राने वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने आणले. हे न्यायाचे झाले, माझ्या बहिणीचे नाव त्यात आहे याचा मला आनंद आहे. पण दर पिढीला नावे वाढतात आणि वाटप मात्र होत नाही, कारण मुंबईच्या पगारावर संसार चालत असताना जमीन वाटून घेण्याची निकड कोणालाच नव्हती. वहिवाट तोंडी ठरलेली. अमुक कोपरा थोरल्याचा, अमुक मळा धाकट्याचा, फणस सगळ्यांचा. गावात राहणारे ते पाळत आले. कागदावर मात्र प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक चौरस हातात ४३ जणांचा वाटा आहे. त्या ४३ पैकी ११ जण हयात नाहीत आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत, म्हणजे खरी संख्या साठीच्या पुढे जाईल. घराचीही तीच कथा. ग्रामपंचायतीच्या आकारणीला अजून आजोबांचे नाव आहे.

अशा जमिनीवर कर्ज मिळत नाही, तारण कोणाचे घ्यायचे? सरकारी योजनेचे अनुदान घ्यायचे तर सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. विहीर खणायची तरी तेच. यावरचा उपाय कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या ८५ व्या कलमाखाली सर्व सहधारकांनी एकमताने अर्ज केला तर तहसीलदार वाटप करून देतात, मग मोजणी होऊन पोटहिस्से पडतात. सब-रजिस्ट्रारकडे वाटपपत्र नोंदवण्याचाही मार्ग आहे. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावायचा, आणि हुकूमनामा झाल्यावर शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप पुन्हा महसूल खात्याकडून करून घ्यायचे. आमच्या तालुक्यात वाटपाच्या दाव्याचा विषय निघाला की लोक वर्षे मोजत नाहीत, पिढ्या मोजतात. तेव्हा खरा मार्ग एकच, सह्या गोळा करणे.

भावाने दोन वर्षे हे काम केले. बडोदा, नाशिक, कळवा, अंबरनाथ. दर रविवारी कोणाच्यातरी दिवाणखान्यात चहा, पोहे आणि नकाशा. नकार फारसे कोणी दिले नाहीत. "आधी बाकीच्यांच्या घे, मग माझी घे," असे सांगणारे निम्मे निघाले. शेवटी ३२ हयात हिस्सेदारांपैकी २८ जणांनी सह्या केल्या. न करणाऱ्यांतले एक नालासोपाऱ्याला राहणारे आमचे तात्या. वय ऐंशीच्या घरात, सारी हयात गिरणीत आणि संपानंतर एका गाळ्यात हेल्पर म्हणून गेलेली. त्यांच्याकडे मीही भावाबरोबर गेलो होतो. मला वाटले, जमिनीचे भाव वाढलेत, तात्यांना पैसे हवे असतील. तसे मी आडवळणाने विचारलेही. तात्या माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सई करूक माझा काय जाता? पण आज घरार, मळ्यार, बागेत, सगळ्यार माझा नाव आसा. वाटप झाला काय खयच्या तरी कातळार तीन गुंठे. मगे गावात माझा काय रवला?"

याला उत्तर काय द्यायचे ते आम्हां दोघांनाही सुचले नाही. कायद्याच्या दृष्टीने तात्यांचे नुकसान काहीच होत नव्हते, उलट अस्पष्ट हिश्श्याच्या जागी स्पष्ट हिस्सा मिळत होता. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. पन्नास वर्षे ज्याने दहा बाय दहाच्या खोलीत काढली त्याच्या दृष्टीने सातबारावरचे नाव हीच त्याची बाग, तेच घर. तो कागद तात्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवला आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो. सामाईक मालकीमुळे जमीन अडकून पडते, एवढे वाक्य फळ्यावर लिहून मी पुढे जात असे. त्या दिवसापासून ते वाक्य लिहिताना थोडा थांबतो.

जमीन अडकण्याचे आणखी एक कारण आहे, आणि तेही इतिहासातून आलेले आहे. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषकदिन. त्या दिवशी जमीन कसणारी कुळे कायद्याने मालक ठरली. खोताच्या आणि सावकाराच्या कोकणात हा कायदा आला नसता तर आज गावात जी काही शेती उरली आहे तीही उरली नसती. पण त्याची एक सावली राहून गेली. 'कूळ लागेल' ही भीती मुंबईकर मालकाच्या मनातून तिसऱ्या पिढीतही गेलेली नाही. शेजाऱ्याने मागितली तरी जमीन कसायला द्यायची नाही, त्यापेक्षा पड राहिलेली बरी. गवत वाढते, रान वाढते, मग डुकरे येतात आणि शेजाऱ्याचे भातही जाते. परत येणाऱ्याला आपली जमीन वाटपाअभावी कसता येत नाही आणि दुसऱ्याची भीतीमुळे मिळत नाही.

शहरातून खेड्याकडे माणसे नेण्याचे प्रयोग जगात इतरत्रही झाले. चीनमध्ये १९६८ पासून माओच्या हुकमाने दीड कोटीहून अधिक शहरी तरुण खेड्यांत पाठवले गेले. सक्ती सैल होताच त्यांतले बहुसंख्य परत आले. कंबोडियात १९७५ साली पोल पॉटच्या सैनिकांनी राजधानी बंदुकीच्या धाकाने रिकामी केली, त्याचे वर्णन येथे नको. आपल्याला जवळचे उदाहरण जपानचे आहे. तेथली खेडी आपल्यासारखीच म्हातारी झाली आहेत आणि २०२३ च्या पाहणीत देशात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. अनेक नगरपालिकांनी रिकाम्या घरांची यादी ठेवून ती नव्याने येणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पण बऱ्याच घराजमिनींचा मालक कोण हेच कळेना, कारण वारसांनी नोंदच केली नव्हती. शेवटी कायदा करावा लागला. १ एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये वारसा मिळाल्याचे कळल्यावर तीन वर्षांत त्याची नोंद करणे सक्तीचे आहे. इतक्या पुढारलेल्या देशाची गाडी अखेर आमच्या तलाठी सजेतल्याच मुद्द्यावर येऊन अडली हे वाचून मला, खरे सांगायचे तर, थोडे समाधान वाटले.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर परत येण्याचा विचार ज्यांनी नुसता बोलून न दाखवता करून दाखवला त्यांत अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव पहिले घ्यावे लागते. एम. ए. झालेला हा माणूस प्राध्यापकी सोडून गांधीजींच्या मागे गेला आणि १९४८ साली त्याने कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. त्यांनी तेथे काय केले? संडास, मैल्याचे खत, मेलेल्या जनावरांचे कातडे कमावणे, शेणाचा गॅस. ज्या कामांना कोणी हात लावत नाही ती कामे. खेडे राहण्याजोगे करायचे असेल तर आधी त्याची घाण काढली पाहिजे, ही त्यांची पद्धत. आज खेड्यात संडास आहेत, गॅसही आहे. आजची न निस्तरलेली घाण कपाटातल्या कागदांत आहे असे मला वाटते, आणि तिला हात लावायला कोणी अप्पासाहेब पुढे येत नाही, कारण त्यात भावकीशी वाईटपणा घ्यावा लागतो.

मसुऱ्यापासून जवळच आचरे आहे. तेथल्या गावपळणीविषयी बहुतेकांनी ऐकले असेल. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सारे गाव, गुरेढोरे, कोंबडी-कुत्र्यांसह, वेशीबाहेर पडते. तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहते, त्यात सर्व जातिधर्मांची माणसे असतात. मग पुन्हा कौल घेतात आणि देवाने होकार दिला की परततात. श्रद्धेचा भाग सोडला तरी त्यात मला एक गोष्ट आवडते. घरे उघडी टाकून गेलेल्या माणसाला आपण परत कोठे जायचे, कोणत्या दाराने शिरायचे हे माहीत असते. आमच्या पळणीला मात्र सव्वाशे वर्षे झाली आणि दरवाजावर ४३ जणांचे कुलूप आहे.

भावाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बँकेचे कर्ज मिळाले नाही. पण त्याच्या बायकोने वाडीतल्या महिला बचतगटात नाव घातले होते. गटाच्या कर्जाला सातबारा लागत नाही, गटातल्या दहाजणींचा एकमेकींवरचा भरवसा लागतो. त्या पैशातून बी फोडायची तीन हातयंत्रे आणि एक वाफवण्याचा डबा आला. शेड नाही म्हणून काम घराच्या पडवीतच चालते. आजीच्या जात्याच्या जागी यंत्रे बसली आहेत. हंगामात वाडीतल्या पाच बायका येतात. मिळकत विरारच्या पगाराइतकी नाही, पण घरभाडे नाही आणि लोकलचा पासही नाही. मुलगी दहावीपर्यंत येथे शिकली, आता मालवणला जाऊन-येऊन करते. पुढे ती कोठे जाईल याविषयी दोघे नवराबायको माझ्यासमोर बोलायचे टाळतात.

वाटपाचा अर्ज अजून दाखल झालेला नाही. गेल्या वर्षीच्या जत्रेला उरलेल्या चारांपैकी दोघे आले होते. देवीचे दर्शन झाल्यावर भावाने त्यांना घरी जेवायला आणले आणि सोलकढी वाढून झाल्यावर कागद पुढे केला. त्यांनी सह्या केल्या. बडोद्याच्या आत्येने फोनवर कळवले आहे की मुलाला सवड मिळाली की येते. राहिले तात्या. त्यांना जत्रेला गाडीतून आणायचे, मळ्यात, बागेत, गडाच्या पायथ्याच्या कातळावर हिंडवायचे आणि तीन गुंठे कोणते हवेत ते त्यांनीच दाखवायचे, असे भावाने ठरवले आहे. घराच्या मागचे खळे त्यांच्या वाट्याला लावून द्यायलाही तो तयार आहे. तात्यांना आता जिना उतरताना धाप लागते. जत्रेची तारीख ठरली की मी रजेचा अर्ज देणार आहे, गाडी मलाच चालवायची आहे.